भेट न होण्याचे कारण

दवाखान्यामागे, निंबाखाली
मोटरसायकल उभी आहे चार महिने.
सीटवर कोंबडी बसते.
परवा हेल्मेटमध्ये अंडं सापडलं,
कंपाउंडरने उकडलं, अर्धं मला दिलं.
या तिमाहीत मानसिक आरोग्य विभागाला
मिळालेलं हे एवढंच.

महिन्याला आठ लिटर, असं कागदावर आहे.
त्यामुळे मी माणसं लिटरात मोजायला शिकले.
नदीकाठची म्हातारी आयुओ, सव्वा लिटर.
शाळा सुटलेला डेरी, पाऊण.
झिएम सगळ्यात लांब, जाऊन येऊन दोन,
वाळूत चाक रुतलं तर वर थोडं.

झिएम ग्यील बनवतो.
लाकडाच्या सतरा पट्ट्या, प्रत्येकीखाली एक भोपळा,
भोपळ्याला भोक, भोकावर
कोळ्याच्या अंड्यांवरची पातळ झिल्ली, डिंकाने चिकटवलेली.
तीच भुणभुणते.
"ती नसली तर नुसतं लाकूड वाजतं, सिस्टर.
लाकडाला बोलायला कोळी लागतो."

त्याच्या डोक्यातही भुणभुण होती.
दर महिन्याला एक सुई, एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे,
तेवढ्यावर ती खाली बसायची. जायची नाही.
"आता कोण बोलतंय ते कळतं,
मी की भोपळा,"
म्हणायचा, आणि स्वतःच हसायचा.

फेब्रुवारीत इंजेक्शन नव्हतं, पेट्रोलही नव्हतं,
हरमाटनची धूळ मात्र भरपूर होती.
मार्चमध्ये इंजेक्शनं आली.
एप्रिलमध्ये पेट्रोल आलं,
ते लसीकरणाच्या गाडीत गेलं.
त्यात चूक काय काढू,
त्या पोरांचे दंड मीच धरले होते.
"तुमचे पेशंट काही लगेच मरत नाहीत ना,"
जिल्ह्याचे साहेब म्हणाले.
माणूस वाईट नाही.
त्यांच्या टेबलाचा एक पाय विटेवर आहे.

नोंदवहीत एक रकाना असतो:
भेट न होण्याचे कारण.
बोटभर रुंद.
फेब्रुवारीत त्यात लिहिलं, पेट्रोल नाही.
मार्चमध्ये, वरीलप्रमाणे.
एप्रिलमध्ये
दोन टिंबं दिली.

मे संपता संपता लाकडं विकणाऱ्या बाईची सायकल मागितली.
पहाटे निघाले, पोचले तेव्हा
सावली पायाखाली आली होती.

अंगणात भोपळे रांगेत मांडलेले,
प्रत्येक झिल्ली नखाने फाडलेली.
नीट, सावकाश फाडलेली.
पलीकडे शियाच्या ओंडक्याशी झिएम,
घोट्यात साखळी,
आणि साखळीखाली कापडाची पट्टी,
वहिनीच्या सणाच्या पोशाखातली,
कातडं सोलू नये म्हणून.

मी चिडले. कायद्याचं नाव घेतलं.
भावाने आधी मला पाणी दिलं,
मी पीत होते तोवर थांबला.
"रात्री विहिरीच्या कठड्यावर उभा होता, सिस्टर.
मला म्हणाला, आतून हाक मारतायत.
आम्ही तुमची वाट पाहिली.
सहा दिवसांचा बाजार वीसदा भरला आणि उठला."
मग साखळीकडे न बघता म्हणाला,
"हिला पेट्रोल लागत नाही."

सुई दिली.
मागची कुठल्या बाजूला होती ते आठवेना,
वही काढावी लागली.
झिएमने माझ्याकडे पाहिलं,
जसं लांबच्या वाटेवर
कोण येतंय ते बघतात तसं.

भाऊ म्हणाला, "सोडतो. आज सोडतो.
पुढच्या महिन्यात येणार ना?"
मी सायकलकडे पाहिलं.
सायकल माझी नव्हती.

निघाले तेव्हा मागून आवाज आला.
पुतणीने एक पट्टी आणून ठेवली होती त्याच्या हाताशी,
जमिनीवरच, भोपळ्याविना.
तो ठोकत होता.
टेकडीचा चढ संपेपर्यंत ऐकू येत राहिलं
नुसतं लाकूड.